नाका आणि यात्रा : मोगलाई-वऱ्हाड सीमेवरील साथी व प्रवासबंदी

जालन्याहून राजूरमार्गे जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेंभुर्णी हे गाव आहे. गाव जाफराबाद तालुक्यातले. आणि या तालुक्याची पूर्वेकडील शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड, लागतो. ही शीव डोळ्यांना दिसत नाही. दोहों बाजूंस जमीन सारखीच, पिके सारखीच, सोयरसंबंधही एकमेकांत गुंतलेले. पूर्णा नदीदेखील ती न जुमानता एका जिल्ह्यातून दुसऱ्यात वाहत जाते. तथापि १८५३ पासून या रेषेने कधी दोन अंमल, कधी दोन राज्ये, तर कधी केवळ दोन जिल्हे एकमेकांपासून वेगळे केलेले आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या, तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेलेली ही रेषा पुन्हा जमिनीवर उमटली. तिची झळ ज्यांना दीर्घकाळ लागली त्यांत यात्रेकरू आणि यात्रेवर पोट असणारे लोक हे प्रमुख होत. या सीमेवरील नाक्यांनी निरनिराळ्या काळी कोणाला अडविले व कोणाला जाऊ दिले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या रेषेचा जन्म कर्जापोटी झाला. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली, आणि १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. या फौजेची एक छावणी जालन्यासच होती. म्हणजे जालन्याच्या छावणीतील शिपायांच्या पगारापायी जालन्याच्या शेजारचा मुलूख परका झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १९०२ मध्ये वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून देण्यात आला व पुढील वर्षी तो भाग मध्यप्रांतास जोडला गेला. अलीकडे 'मोगलाई', पलीकडे 'वऱ्हाड', ही लोकांच्या तोंडची विभागणी या घडामोडींनी पक्की केली. यांपैकी 'मोगलाई' हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मोगलांची सत्ता दख्खनमधून नाहीशी होऊन दोन शतके लोटली तरी निजामाच्या प्रदेशास मराठीत तेच नाव चालत राहिले. राज्यकर्ते बदलतात त्या वेगाने लोकांचे शब्द बदलत नाहीत, आणि सीमेच्या बाबतीत तर ते फारच सावकाश बदलतात.

निजामी अंमलात राज्याच्या सीमेवर जकात घेणारे खाते 'करोडगिरी' या नावाने ओळखले जाई. आयात-निर्यातीच्या मालावर साधारणतः शेकडा पाच या दराने ही जकात पडे. शिवाय नाणे वेगळे. निजामाचा 'हाली' रुपया इंग्रजी रुपयाहून कमी भावाचा असून सात हाली रुपयांस सुमारे सहा इंग्रजी रुपये पडत. सीमेपलीकडच्या बाजारास जाणाऱ्या शेतकऱ्यास हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. परंतु या सर्व व्यवस्थेचा रोख मालावर होता. करोडगिरीच्या नाक्याला गाडीत काय भरले आहे याच्याशी कर्तव्य होते. ती हाकणारा कोठल्या देवाला निघाला आहे याच्याशी नव्हते. जुन्या राज्यकारभारातील 'रवाना', 'दस्तक' हे परवान्याचे शब्दही बहुतांशी मालाच्या किंवा सरकारी कामाच्या वाहतुकीशीच निगडित आहेत. पडशी खांद्यावर टाकून पायी निघालेल्या भाविकाजवळ जकात घेण्याजोगे असे फारसे काही नसे. राजकीय धामधुमीचा काळ वगळता तो या सीमेवरून इकडून तिकडे येत-जात राहिला.

असा येणारा-जाणारा लोक लहानसहान नव्हे. टेंभुर्णीच्या परिसरातील माणसाची वर्षभराची देवस्थाने मांडून पाहिली तर ती सीमेच्या दोहों बाजूंना विखुरलेली दिसतात. राजूरचा गणपती मोगलाईत. अंगारकी चतुर्थीला तेथे वऱ्हाडातूनही माणूस लोटतो. उलट आश्विनातील बालाजीची यात्रा देऊळगाव राजास, होळीच्या सुमाराची सैलानीबाबांची यात्रा पिंपळगाव सराईस, जिजाऊंचा जन्मोत्सव १२ जानेवारीस सिंदखेड राजास, आणि गजानन महाराजांचे दर्शन शेगावास; ही सर्व स्थळे बुलढाणा जिल्ह्यात आहेत. सैलानीच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतील लोक जातात, आणि भूतबाधेच्या समजुतीने मनोरुग्णांना तेथे घेऊन येणारी कुटुंबेही बरीच असतात. या प्रवासाला शासकीय कागदांत 'पर्यटन' हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे. तो संस्कृतातूनच घेतलेला असला तरी बोलीत उतरलेला नाही. 'यात्रा' आणि 'जत्रा' ही एकाच शब्दाची दोन रूपे. पहिले तत्सम, दुसरे लोकांच्या तोंडी झिजलेले. जत्रेत पाल ठोकणारा रेवडीवाला, पाळणेवाला, नारळ-फुलांचा दुकानदार आणि तमाशाचा फड यांच्यावाचून यात्रा पुरी होत नाही. देवदर्शन, बाजार, औषधपाणी व करमणूक यांची येथे फारकत करता येत नाही. म्हणूनच यात्राबंदीचा परिणाम मोजताना केवळ भाविकांची संख्या पाहणे अपुरे ठरते.

सीमा ओलांडण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र एका पालखीचे आहे. संत मुक्ताबाईंची पालखी खानदेशातील मुक्ताईनगराहून निघते आणि मोताळा, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा असे वऱ्हाड पार करून जालन्यास येते. तेथून बीडवरून पंढरपूर. ही वाटचाल सुमारे महिनाभराची आहे. ब्रिटिश अंमलात पाहिले तर मुंबई इलाख्यातील खानदेश, इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड, निजामाचे राज्य आणि पुन्हा मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्हा, अशा चार टप्प्यांतून ही एकच वाट जाते. राज्यांच्या नकाशावर जो तुकड्यातुकड्यांचा प्रदेश दिसतो तो वारीच्या नकाशावर अखंड आहे.

आता साथींचा विचार. गावगाड्यात रोगराई आणि शीव यांचा संबंध फार जुना आहे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावातून ओढीत नेऊन शिवेबाहेर सोडण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. या विधीची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. रोग गावात आधीच आलेला आहे असे धरून त्याची सन्मानाने पाठवणी करावयाची, अशी ही कल्पना. (पलीकडच्या गावाला हा पाहुणा नकोसा वाटे, आणि त्यावरून दोन गावांत कलागतीही होत, पण तो निराळा विषय.) रोग बाहेरच अडवून धरावा, येणारा माणूस हाच रोगाचा वाहक समजावा, ही कल्पना बंदरांतील व्यवहारातून आली. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या नगराने १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले, आणि इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून 'क्वारंटाईन' हा शब्द निघाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना हिंदुस्थानातील यात्रांना लागू करण्यात आली. हरिद्वारच्या १८६७ च्या कुंभमेळ्यानंतर पटकी सर्वदूर पसरली, तेव्हापासून यात्रा म्हणजे साथीचे उगमस्थान असे समीकरण सरकारी अहवालांत रूढ झाले. १८९२ मध्ये हरिद्वारचीच महावारुणी यात्रा सरकारने बळाने उधळून लावली. त्यानंतर चार वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. कायदा अतिशय आटोपशीर, पण त्याने सरकारच्या हाती दिलेले अधिकार अमर्याद. रेल्वेने जाणाऱ्या उतारूंची तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. त्याच वर्षी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातून होणारी हज यात्रा हा तेथील मुख्य चिंतेचा विषय होता, आणि मुंबईहून हजला जाणाऱ्यांना त्या साली मनाई करण्यात आली. मुंबईच्या मालाचा व्यापार मंदावला, तरी थांबला नाही. यात्रेकरूंना बंदी आणि कापसाच्या गाठींना वाट, हे विभाजन येथे प्रथम स्पष्ट दिसते.

पुण्यातील तपासण्या आणि २२ जून १८९७ रोजी झालेला रँडवरील हल्ला हा इतिहास सुपरिचित आहे. प्लेग निजामाच्या राज्यातही पोचला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद हा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाल्यावर तर तपासणीची जागा आपोआपच बदलली. सीमेवरील गाडीवाट मागे पडली आणि स्थानकाचा फलाट हाच नाका झाला. तपासणीत तिसऱ्या वर्गाचा उतारू जितका भरडला जाई तितका पहिल्या वर्गाचा जात नसे. यात्रेकरू बहुतेक तिसऱ्या वर्गाचाच. केसरीसारख्या पत्रांनी या रोगास 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. लोकांनी मात्र 'प्लेग' हाच शब्द मराठी करून टाकला.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाबाबत नेमके उलट घडले. त्या साथीस मराठीत 'मानमोडी' हे स्वतंत्र, अस्सल देशी नाव मिळाले. मध्यप्रांत व वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्युप्रमाणाच्या प्रांतांपैकी एक ठरला. मात्र या साथीत सीमा बंद झाल्या नाहीत. महायुद्ध चालू होते, सैन्य व धान्य यांची ने-आण थांबविणे सरकारला परवडणारे नव्हते, आणि रोगाचा वेगही असा की बंदोबस्ताचा हुकूम निघण्यापूर्वीच तो गावोगाव पोचलेला असे. ज्या साथीने सर्वाधिक माणसे नेली ती साथ नाक्यांच्या इतिहासात जवळजवळ दिसतच नाही, ही गोष्ट सीमाबंदीचा अभ्यास करणाऱ्याने विसरता कामा नये. नाके किती कडक होते यावरून साथीची तीव्रता मोजता येत नाही. त्यावरून मोजता येते ते राज्यसंस्थेचे सामर्थ्य व तिची निकड.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९४८ मध्ये ही सीमा राजकीय कारणाने पेटली. हैदराबाद राज्याची आर्थिक नाकेबंदी झाली, रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सरहद्दीबाहेर गेली, आणि मनमाड, उमरखेड यांसारख्या ठिकाणांहून मुक्तिसंग्रामाचे सीमेवरील कार्य चालले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अध्याय संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. करोडगिरी गेली, हाली रुपया गेला. सीमा उरली ती महसुलाच्या दप्तरात. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जाफराबाद, भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून त्यात आले. त्या दिवशी टेंभुर्णी आणि औरंगाबाद शहर यांच्यामध्ये एक नवीच जिल्हासीमा निर्माण झाली, याची दखल घेण्याचे कोणास कारण पडले नाही. ते कारण एकोणचाळीस वर्षांनी पडले.

२०२० मधील घटनाक्रम पंचांगाशी विलक्षण जुळलेला आहे. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले तो दिवस ९ मार्चचा, म्हणजे होळीचा. सैलानीची यात्रा होळीच्या तोंडावरच रद्द झाली होती. या टापूतील बंदीची सुरुवात, अशा रीतीने, एका यात्रेपासून झाली. मार्चच्या मध्यास राज्य शासनाने १८९७ चाच कायदा लागू केला. २३ मार्च रोजी राज्यभर संचारबंदी पुकारून जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या. एस. टी. थांबली. २५ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. पाडव्यापासून चैत्र-वैशाखाच्या गावजत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि नारायणगावच्या राहुट्यांतून तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या त्याच मुहूर्तावर ठरतात. हंगामाचा पहिला दिवस आणि बंदीचा पहिला दिवस एकच निघाला.

सीमेवर नाके उभे राहिले. परंतु हे नाके करोडगिरीच्या नाक्यांच्या बरोबर विरुद्ध स्वभावाचे होते. अन्नधान्य, भाजीपाला, खते, औषधे, इंधन यांच्या गाड्या अत्यावश्यक म्हणून सोडल्या जात. माणसाला अडवून कारण विचारले जाई. जेथे पूर्वी माल अडे आणि माणूस जाई, तेथे आता माल गेला आणि माणूस अडला. या उलथापालथीची नोंद शब्दांनीही केली आहे. 'टाळेबंदी' हा शब्द तोवर गिरणी-कारखान्यांचा होता. मालकाने कामगारांना बाहेर ठेवून फाटकाला टाळे ठोकणे, असा त्याचा अर्थ. २०२० मध्ये माणसे आत आणि टाळे बाहेर, असा तो फिरला. 'जिल्हाबंदी' हा शब्द टंचाईच्या काळी धान्य आणि चारा यांच्या वाहतुकीस लावला जाई, किंवा एखाद्या चळवळ्या पुढाऱ्यास मिळणाऱ्या हुकुमास. आता तो प्रत्येक नागरिकास लागू झाला. 'रवाना' आणि 'दस्तक' यांची जागा 'ई-पास' या जोडशब्दाने घेतली, आणि विवाह, मृत्यू, वैद्यकीय उपचार ही त्याची मान्य कारणे ठरली. देवदर्शन हे कारण त्या यादीत बसण्याचा प्रश्नच नव्हता. अनेक गावांनी तर शासनाच्याही पुढे जाऊन आपापल्या वाटांवर काट्याचे फेसाटे व दगड टाकून गावबंदी केली. मरीआईच्या गाड्याची दिशा येथे पूर्णपणे उलटलेली दिसते.

अडलेल्या माणसाचे काय होते, याचे अत्यंत दारुण उदाहरण या जिल्ह्यालाच पाहावे लागले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर मे २०२० मध्ये भुसावळच्या दिशेने, गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने, पायी निघाले. सडकेवर नाके होते, म्हणून त्यांनी लोहमार्गाची वाट धरली. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रात्री रुळांवरच निजले. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतील १६ जण ठार झाले. माल चालू आणि माणूस बंद, ही व्यवस्था येथे शब्दशः खरी झाली. यात्रेकरूंच्या बाजूने पाहता नांदेडचे उदाहरण आहे. हुजूर साहिबच्या दर्शनास आलेले पंजाबचे हजारो भाविक टाळेबंदीत तेथेच अडकले आणि एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी परत गेले. परतल्यावर त्यांतील अनेकांना लागण झाल्याचे आढळले व त्यावरून मोठा गदारोळ माजला. यात्रेकरू म्हणजे रोगवाहक, हे १८६७ चे समीकरण दीडशे वर्षांनी पुन्हा वर आले. या प्रकरणी ते सर्वस्वी निराधार होते असेही म्हणता येत नाही, आणि बंदीच्या टीकाकारांनी हे मान्य करावयास हवे. मुद्दा बंदी असावी की नसावी हा नाही. बंदीचा भार कोणाच्या वाट्याला किती आणि किती दिवस आला, हा आहे.

हा भार समजून घेण्यासाठी यात्रेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. ती तिथीला बांधलेली असते. कापसाची विक्री महिनाभर लांबविता येते, लग्न पुढच्या मुहूर्तावर ढकलता येते. आषाढी एकादशी ढकलता येत नाही. १ जुलै २०२० रोजी आषाढी होती. प्रमुख संतांच्या पादुका, त्यांत मुक्ताबाईंच्याही, आदल्या दिवशी मोजक्या लोकांसह बसगाड्यांनी पंढरपुरास पोचविण्यात आल्या. पंढरपुरात संचारबंदी होती. तिथी पाळली गेली, वाट मात्र पाळली गेली नाही. ज्या गावांतून पालखी दरवर्षी मुक्काम करीत जाते तेथे त्या वर्षी काहीच आले नाही. २० जुलै २०२१ च्या आषाढीलाही पादुका बसनेच गेल्या. देवळांची कथाही अशीच. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, उघडली. त्या वर्षी आश्विन अधिक होता. परंतु दोन आश्विन लाभूनही देऊळगाव राजाच्या यात्रेला एकही उपयोगी पडला नाही, कारण दारे उघडली तेव्हा दुसराही आश्विन संपून कार्तिक लागला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये देवळे पुन्हा बंद झाली. पाडवा १३ एप्रिलला झाला आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात नवे निर्बंध आले. जत्रांचा दुसराही हंगाम गेला. २७ जुलै २०२१ रोजी अंगारकी आली तेव्हा राजूरच्या गणपतीचे दार लावलेलेच होते. अंगारकी वर्षातून मोजक्याच वेळा येते, कधी येतही नाही. पालवाल्याच्या दृष्टीने तो एक दिवस बुडणे म्हणजे बंदचा एक दिवस नव्हे, अर्ध्या वर्षाची कमाई होय.

हंगामाला बांधलेल्या प्रवासाची ही अडचण या भूमीपुरती नाही. ज्या देशांत देवाऐवजी बर्फाची वाट पाहिली जाते तेथेही ती दिसते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर हिवाळ्यात स्नोमोबाईल, म्हणजे पुढे घसरपट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेले बर्फावरचे वाहन, घेऊन फिरणाऱ्या हौशी प्रवाशांची मोठी ये-जा असते. क्वेबेक, न्यू ब्रन्सविक, मेन या भागांतील वाटा स्थानिक मंडळे राखतात, आणि त्यांचा खर्च बव्हंशी फिरणाऱ्यांच्या परवानाशुल्कातून भागतो. २१ मार्च २०२० पासून ही सीमा अनावश्यक प्रवासास बंद झाली. कॅनडाने लसीकरण झालेल्या अमेरिकनांसाठी ती ९ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली, अमेरिकेने आपली भूसीमा ८ नोव्हेंबर २०२१ रोजी. दोन्ही तारखा हिवाळ्याच्या बाहेरच्या किंवा उंबरठ्यावरच्या. मधला २०२०-२१ चा अख्खा हिवाळा पलीकडच्या प्रवाशांवाचून गेला. बर्फ पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवता येत नाही, जशी एकादशी ठेवता येत नाही. मालमोटारी मात्र तेथेही सीमेवरून ये-जा करीतच होत्या.

या सीमेवरील नॉर्थवेस्ट अँगल नावाच्या ठिकाणाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ही मिनेसोटा राज्याची भूमी, पण खुष्कीने तेथे जावयाचे तर कॅनडातूनच जावे लागते. सीमा बंद झाल्यावर तेथील निवासगृहांचा धंदा बसला. तेव्हा २०२१ च्या हिवाळ्यात लोकांनी लेक ऑफ द वुड्स या गोठलेल्या सरोवरावरून सुमारे ३० मैलांचा बर्फाचा रस्ता तयार केला, आणि परदेशात पाऊलही न टाकता गिऱ्हाईक आणले. नाका चुकविण्याची ही वाट कायद्यात बसणारी होती. करमाडच्या मजुरांनी धरलेली वाटही नाका चुकविण्याचीच. दोहोंतील फरक वाटेचा नसून ती करणाऱ्याजवळ काय साधन होते याचा आहे.

सीमा उघडण्याचा क्रमही बंद होण्याच्या क्रमाइतकाच बोलका आहे. २० ऑगस्ट २०२० पासून एस. टी. जिल्ह्याबाहेर धावू लागली, २ सप्टेंबरपासून खासगी वाहनांचा ई-पास गेला. देवळे त्यानंतर अडीच महिन्यांनी उघडली. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये जिल्हाबंदी व ई-पास परत आले, जूनमध्ये सैल झाले, आणि देवळे ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. दोन्ही खेपांना यात्रेचे दार सर्वांत शेवटी उघडलेल्यांत होते. बाहेरच्या जगातही हेच. हजला २०२० मध्ये सौदी अरेबियातच राहणाऱ्या सुमारे एक हजार लोकांना परवानगी मिळाली, २०२१ मध्ये तेथल्याच सुमारे साठ हजारांना; कर्तारपूरचा मार्ग १६ मार्च २०२० पासून १७ नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद होता. आणि दार उघडले म्हणजे वाट मोकळी झाली असेही नाही. १५ नोव्हेंबर २०२१ च्या कार्तिकीला पंढरपूरची बंदी नव्हती, परंतु एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. टेंभुर्णीसारख्या गावातून निघणाऱ्या यात्रेकरूची मदार एस. टी. वर असते. नाका उठला तेव्हा गाडी नव्हती.

राज्यातील साथीचे सर्व निर्बंध १ एप्रिल २०२२ रोजी उठविण्यात आले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्या वर्षी ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी दोन वर्षांच्या खंडानंतर पायी निघाली, चिखली व देऊळगाव राजावरून मोगलाईत उतरली, आणि १० जुलैच्या आषाढीसाठी पंढरपुरास पोचली.